ठीक आहे साहेब

मागच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये माझ्या पलटणीच्या एका शिपायाला भेटायला गेलो होतो. पोरगा सातारा जिल्ह्यातला. उंचावरच्या पोस्टवर उजव्या पायाची बोटं फ्रॉस्टबाइटने काळी पडलेली. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून विचारलं, "कसा आहेस रे?"

"ठीक आहे साहेब."

"जेवण जातं ना नीट?"

"हो साहेब."

फळांची पिशवी ठेवली, खांद्यावर थाप मारली आणि निघालो. सीओने करायचं ते करून झालं होतं.

तेवढ्यात वॉर्डच्या नर्सिंग ऑफिसर आल्या. केरळच्या कॅप्टन, हिंदी माझ्यापेक्षाही कच्चं. त्यांनी स्टूल ओढलं, त्याच्या नजरेसमोर बसल्या आणि विचारलं, "रात को कितने बजे उठा?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "दो बजे. फिर नींद नहीं आया." का? पाय जळत होता. किती रात्री? तीन. दुसरा पाय? त्याच्याही अंगठ्याला संवेदना नव्हती, आणि हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर नाईकची केडर हुकणार, ही भीती. केडरसाठी त्याची शिफारस करणारा मी, आणि तो मला "ठीक आहे" म्हणाला होता!

स्टूल ओढून बसणं आणि तासांचा हिशेब विचारणं, यातलं काहीच नवं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 मध्ये शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. रोग्याशी बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही असं समोर बसा. 'रात्र बरी गेली ना?' असं विचारू नका, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारा. दाराबाहेर कुजबुजणाऱ्या डॉक्टर-नातेवाइकांवर आणि पोकळ धीर देणाऱ्या भेटकऱ्यांवर तर बाई तुटून पडल्या आहेत. फळांची पिशवी घेऊन येणारा मी त्या यादीत चपखल बसतो.

या शिस्तीत तयार झालेल्या नर्सेस आपल्याकडे लष्करात आल्या 1888 मध्ये. 28 मार्चला दहा जणी मुंबई बंदरात उतरल्या. पण ती सोय मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी. आपल्या शिपायाला रात्री किती वाजता जाग आली, हे विचारायला फारसं कोणी नव्हतं.

याचं सर्वात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 1914 च्या शेवटी फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी भारतीय सैनिक ब्रायटनला आणले गेले. तिथला राजवाडा, रॉयल पॅव्हेलियन, हॉस्पिटल झाला. व्यवस्था खरोखर चोख होती: नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याची वेगळी सोय, उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत पाट्या. पाट्या मात्र वाचायच्या असतात, त्या ऐकत नाहीत. गोऱ्या नर्सेसनी भारतीयांची सेवा करावी हे सरकारदरबारी खुपत होतं. 1915 मध्ये त्यांना तिथून काढून घेतलं.

मग माणसं बोलली कुठे? पत्रांत. ती सेन्सॉर वाचतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून गावाकडे काळी मिरी आणि लाल मिरचीच्या गोष्टी जाऊ लागल्या. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरची म्हणजे गोरे. मीर दस्त या जमादाराला 25 ऑगस्ट 1915 रोजी पॅव्हेलियनच्या हिरवळीवर राजाने व्हिक्टोरिया क्रॉस दिला, तेव्हा त्याने राजाकडेच मागणं मांडलं: एकदा जखमी झालेल्याला पुन्हा आघाडीवर पाठवू नये. ऐकणारा माणूस भेटायला इतक्या वर जावं लागलं.

त्याच गावात किचनर हॉस्पिटल होतं, प्रमुख कर्नल ब्रूस सेटन. भारतीय सैनिक मुद्दाम स्वतःला जखमा करून घेतात असा संशय घेतला जात होता. सेटनने एक हजार जखमा तपासल्या आणि संशयाला आधार नाही असा निष्कर्ष काढला. प्रामाणिक काम; त्याबद्दल सॅल्यूटच. पण याच सेटनने रोगी आणि कर्मचारी यांना कुंपणाआड कोंडून ठेवलं. शेवटी त्याच्याच हाताखालच्या एका सब-असिस्टंट सर्जनने त्याच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. आडनाव गोडबोले! मराठी वाचकाला या नावाशी थांबावंच लागतं. बंदुकीला हात घालणं अक्षम्यच, गणवेशातल्या माणसाला तर जास्तच. पण जखमा इतक्या बारकाईने वाचणाऱ्या माणसाला आपल्याच वॉर्डातली खदखद ऐकू आली नाही, हे मला त्याच्याइतकंच माझ्याबद्दलही वाटतं.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती, डावा अंगठा वाचला होता. या वेळी स्टूल घेतलं.

"काल किती वाजता झोपलास?"

"अकराला साहेब. पाचला उठलो." मग दाराकडे बघून आवाज खाली आणत, "साहेब, केडरचं काय होईल?"

नेहमीचं 'बघू, होईल सगळं नीट' ओठावर आलं होतं. ते गिळलं. या वर्षी जमणार नाही, असं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मी उठलो नाही.