क्रिस्सा : प्रकाशाक्षरांची शिल्पकर्त्री

शिलालेख व पोथ्या वाचणारांस अक्षराचे दोन धर्म परिचित आहेत : एक अर्थ, दुसरा आकार. झिजलेल्या लेखांत अर्थ लोपला तरी एखादा काना वा वेलांटी शिल्लक राहते, व संशोधकाची दृष्टि त्या आकारावरच स्थिरावते. या दुसऱ्या धर्मावर ज्यांनीं आपलें शिल्पकर्म उभारलें, त्या ग्रीक शिल्पकर्त्री क्रिस्सा यांचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

क्रिस्सा वार्देआ-माव्रोमिखाली यांचा जन्म अथेन्स येथें ३१ डिसेंबर १९३३ रोजीं झाला. पॅरिस येथें कलाभ्यास करून त्या १९५४ त अमेरिकेस गेल्या व पुढें न्यूयॉर्क येथें राहिल्या. त्यांच्या आरंभीच्या प्लास्टरच्या उठावशिल्पांस ‘सायक्लेडिक ग्रंथ’ असें नांव आहे. नांवानें ग्रंथ, परंतु त्यांत अक्षर एकही नाहीं. १९६१ त तेथील गुगेनहाइम संग्रहालयांत त्यांचें स्वतंत्र प्रदर्शन झालें.

टाइम्स चौकांतील जाहिरातींच्या प्रकाशाक्षरांनीं त्यांस निऑनकडे वळविलें. हा वायु रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनीं १८९८ त शोधला. त्याचें नांव ग्रीक ‘नेओस्’ म्हणजे नवा यावरून पडलें. आपला ‘नव’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. तापवून वांकविलेल्या काचेच्या नळींतून हवा काढून तींत अल्प दाबानें वायु भरितात. विजेचा प्रवाह सोडतांच तो नारिंगी-तांबडा उजळतो.

१९६४ ते १९६६ या काळांत घडविलेलें ‘टाइम्स चौकाचीं द्वारें’ हें त्यांचें प्रमुख शिल्प लांबी, रुंदी व उंचीनें दहा-दहा फूट आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, पारदर्शक तक्ते व निऑनच्या नळ्या यांच्या या रचनेंत प्रवेश होतो तो ‘ए’ या अक्षराच्या प्रचंड आकृतींतून. १९६६ त त्यांनीं ‘आणि’ या अर्थाच्या रोमन चिन्हाचीं पांच रूपें केलीं. तें चिन्ह मूळ लॅटिन ‘एत्’ याचें जोडाक्षर होय, हें लिपिज्ञांस सांगणें नको. त्याच वर्षाच्या कांहीं शिल्पखंडांत नळ्या ठराविक अवकाशानें उजळतात व विझतात. तेव्हां अंधारही लेखाचा भाग होतो.

येथें एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. काच फुटते, विजेचीं यंत्रें जीर्ण होतात. नळी बदलल्यावर शिल्प मूळ राहिलें कीं नक्कल झालें? आमच्या मतें काच म्हणजे कागद. आकार, रंग व विझण्याचा अवकाश हा पाठ. कागद जीर्ण झाल्यास प्रत करणें योग्यच. परंतु मूळ नळीचें माप, वांक व बदलाची तारीख नोंदविलीच पाहिजे. अन्यथा पोथीच्या प्रतींप्रमाणें दर नकलेगणिक अक्षर भ्रष्ट होत जाईल, आणि तें कोणास कळणारही नाहीं.

क्रिस्सा २३ डिसेंबर २०१३ रोजीं अथेन्स येथेंच निवर्तल्या. बफेलो येथील संग्रहालयाचीं तीं ‘द्वारें’ २०२३ त न्यूयॉर्क येथें पुनः प्रदर्शित झालीं. कर्त्रीच्या पश्चात् त्या पाठाची शुद्धि आतां नोंद ठेवणारांच्याच हातीं आहे.