कुतचा वेढा : पुण्याहून निघालेल्या सैन्याची कथा



पहिले महायुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक उभे राहतात. व्हर्दून, सोम ही नावे आठवतात. युद्ध युरोपातल्या राजेरजवाड्यांचे, आपण केवळ बघे, अशी आपली एक समजूत असते. ती किती अपुरी आहे हे पाहण्यासाठी आज मी तुम्हांला तैग्रिस नदीच्या काठी, कुत-अल-अमारा नावाच्या एका आडगावी नेणार आहे. तेथे १९१६ च्या एप्रिलमध्ये जे सैन्य शरण गेले, त्याचे नावच मुळी ‘सहावी पूना डिव्हिजन’ असे होते. आपल्या १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या.

हे सैन्य तेथे गेले कशासाठी? सुरुवातीचे कारण साधे होते. ब्रिटिश आरमाराच्या बोटी कोळसा सोडून तेलावर चालू लागल्या होत्या आणि ते तेल इराणातून, आबादानच्या कारखान्यातून येत होते. तुर्कस्तान युद्धात उतरण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ऑक्टोबर १९१४ मध्ये या डिव्हिजनची पहिली तुकडी मुंबईहून निघाली. नोव्हेंबरात ती फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. तेलाचे रक्षण झाले. मोहीम येथेच थांबली असती, तर आज या व्याख्यानाला विषय उरला नसता.

परंतु यशाला भूक फार. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली. जूनमध्ये अमारा पडले, आणि तेही होड्यांतून पाठलाग करणाऱ्या मूठभर लोकांच्या हाती. जुलैत नासिरिया, सप्टेंबरअखेर कुत. प्रत्येक विजयानंतर पुढचे गाव जवळ भासे. मागे बसऱ्याचे बंदर मात्र तितकेच दूर जाई. त्या मुलखात आगगाडी नव्हती, सडक नव्हती. दाणागोटा, दारूगोळा, जखमी माणसे, सर्व काही वळणावळणाच्या उथळ नदीतून न्यायचे. त्यासाठी लागणाऱ्या बोटी मागितल्या होत्या, पण त्या पुरेशा आल्या नव्हत्या. डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांच्या मनात शंका होती. त्यांचे वरिष्ठ जनरल निक्सन यांना ती नव्हती. तिकडे गॅलिपोलीत इंग्रजांची नाचक्की होत होती. पूर्वेकडे दबदबा राखायचा, तर बगदादसारखे नावाजलेले शहर घेतले पाहिजे, असा विचार सिमल्यात आणि लंडनमध्ये बळावला. बोटींचा हिशेब बाजूला पडला आणि अब्रूचा हिशेब पुढे आला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोनच्या प्राचीन कमानीपाशी लढाई झाली. पहिली फळी घेतली, पण साडेचार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. लढणाऱ्यांपैकी निम्मे गेले म्हणा ना! माघार घ्यावी लागली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीवर आणले आणि उघड्या बोटींत दाटीवाटीने निजवून बसऱ्याला धाडले. त्यांची तेथे पोचतानाची दशा मेजर कार्टर या डॉक्टराने पाहिली आणि वर कळविली. औषधे यायच्या ऐवजी त्यालाच धमकी मिळाली.

३ डिसेंबरला सैन्य कुतला परतले. ७ तारखेला वेढा पडला, तो सुमारे पाच महिने चालला. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजेने चिखलात आणि पुरात एकामागून एक हल्ले केले. तिचीच सुमारे २३ हजार माणसे खर्ची पडली. आत धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारण्यास सुरुवात झाली. हिंदी शिपायांपुढे मोठा पेच पडला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी यंत्राने मागविली गेली आणि ती मिळालीही. तरी पुष्कळांनी अगदी शेवटपर्यंत ते मांस खाल्ले नाही. गावाला परतल्यावर पंगतीत कोण बसू देईल, ही धास्ती तोफेपेक्षा मोठी होती. अशांना स्कर्व्हीने गाठले. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. २४ एप्रिलला ‘जुलनार’ बोट रसद घेऊन घुसली आणि शत्रूच्या हाती पडली. शेवटी तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करण्यापर्यंत मजल गेली. तेही नाकारले गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक शरण गेले.

पुढची कथा अधिक कडू आहे. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सन्मानाने राहिले. शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकले गेले, रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. गोऱ्या शिपायांत दर तिघांपैकी सुमारे दोघे कैदेत मेले. हिंदी मृतांची संख्याही हजारांत होती.

चौकशी झाली. १९१७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हिंदुस्थान सरकारच्या कारभाराचे वाभाडे निघाले. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हा कारभार काळाला अगदी निरुपयोगी झाला आहे असे पार्लमेंटात बजावणारे माँटेग्यू त्यांच्या जागी आले. २० ऑगस्टला त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची सुप्रसिद्ध घोषणा केली. त्या घोषणेची तयारी आधीपासून चालू होती, होमरूलची चळवळही होती. सारे श्रेय कुतला देणे चूक ठरेल. तथापि ‘हे सरकार निदान कार्यक्षम तरी आहे’ हा जो धाक होता, तो कुतच्या चिखलात रुतला, यात शंका नाही.

आता एक शेवटची गोष्ट. बसऱ्याला या मोहिमेतल्या, कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर मृतांचे स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली. युद्धकबरींच्या आयोगाने या भेदाबद्दल २०२१ मध्ये क्षमा मागितली. आपल्याकडेही सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत एक लहानशी शिळा असते: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. तेथेही आकडाच. तुमच्या गावी अशी शिळा असेल, तर सुटीत तिच्यापाशी थांबा. जुन्या घरांतून विचारा. एखादे पदक, एखादे पत्र, एखाद्या आजीने सांगितलेले नाव अजून सापडेल. ते लिहून ठेवा. सरकारने मोजली ती डोकी. माणसे आपल्याला मोजायची आहेत.