दोन वेळा अठरा युरो

एपिसोड ऐकायला निवांत वेळ मिळाला नसेल, तर हा घ्या त्याचा लेखी अवतार. आज जर्मनीचा इतिहास आहे. पण हिटलर नाही आणि बर्लिनची भिंतही नाही. आजची गोष्ट एका वीजबिलापासून सुरू होते.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये मी कामासाठी ड्रेस्डेनला गेलो. पूर्व जर्मनीच्या काळातली काँक्रीटची इमारत, त्यात भाड्याचा छोटा फ्लॅट. शेजारी सत्तरीतले एक आजोबा राहायचे, तेही भाडेकरूच. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्ही सीरियाहून आलात का?" मी घाईघाईनं म्हणालो, "नाही नाही, मी इंजिनिअर आहे. कंपनीनं बोलावलंय." त्या 'नाही नाही'कडे आपण शेवटी परत येऊ.

पहिलं वीजबिल आलं तेव्हा मला त्यातलं काही कळेना, म्हणून ते घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि एका दमात तीन तक्रारी केल्या. सोलरवाल्यांचे पैसे आम्ही भरतो. निर्वासितांना घेताना आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि टीव्हीवाले यातलं काही दाखवत नाहीत, वर त्यांचीही फी आमच्याच खिशातून जाते.

मला वाटलं, वीज, निर्वासित आणि टीव्ही यांचा एकमेकांशी काय संबंध? म्हणून वाचायला लागलो.

आधी वीज. जर्मनीत 1 एप्रिल 2000 ला अक्षय ऊर्जेचा नवा कायदा लागू झाला. कल्पना एकदम सोपी होती. तुम्ही छतावर पॅनल लावा, तयार झालेली वीज ग्रिडला द्या, 20 वर्षं ठरलेला दर मिळेल. सौरविजेला सुरुवातीचा दर होता युनिटला 99 फेनिग, म्हणजे साधारण अर्धा युरो. ग्राहक विजेसाठी जे मोजत होता त्याच्या कितीतरी पट. हा फरक भरून काढायला सरकारी तिजोरीतून पैसे आले नाहीत. प्रत्येक ग्राहकाच्या बिलात एक अधिभार जोडला गेला. आजोबांचं बोट होतं ती ओळ हीच.

2004 मध्ये पर्यावरणमंत्री युर्गन ट्रिटिन म्हणाले होते की याचा भार सरासरी कुटुंबाला महिन्याला साधारण एक युरो पडेल, आइस्क्रीमच्या एका गोळ्याइतका. त्या वेळच्या हिशोबानं ते फार चुकलेही नव्हते. पण पॅनल भराभर लागत गेली आणि 2014 मध्ये अधिभार युनिटला 6.24 सेंट झाला. वर्षाला 3500 युनिट वापरणारं घर धरा. महिन्याला 18 युरो होतात. कुठे एक गोळा आणि कुठे 18 युरो!

त्यात दोन गोष्टी लोकांना खुपल्या. भरपूर वीज खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना या अधिभारात सवलत होती, म्हणजे त्यांच्या वाट्याचं ओझं बाकीच्यांवर. आणि पॅनल लावायचं तर स्वतःचं छत लागतं. जर्मनीत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहतात. म्हणजे छतवाल्याला उत्पन्न आणि भाडेकरूला बिल.

आता निर्वासित. ही गोष्ट 2015 ला सुरू होत नाही, 1949 ला होते. नाझी राजवटीत कितीतरी जर्मनांना जीव वाचवण्यासाठी परक्या देशांच्या दारात उभं राहावं लागलं होतं. त्या आठवणीतून पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत एक छोटं वाक्य आलं: राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क आहे. मर्यादा नाही, अट नाही. 1992 मध्ये एका वर्षात 4,38,191 अर्ज आले. त्याच काळात रोस्टॉकमध्ये परदेशी लोक राहत असलेल्या इमारतीवर दिवसेंदिवस हल्ले झाले आणि जमाव टाळ्या वाजवत होता. 26 मे 1993 ला संसदेनं दोन तृतीयांश मतांनी घटना बदलली. 'सुरक्षित' देशातून जमिनीवरून आलेल्याला हा हक्क उरला नाही, आणि जर्मनीचे सगळे शेजारी सुरक्षितच ठरले. तीनच दिवसांनी झोलिंगन शहरात एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवण्यात आलं. पाच मुली-बायका गेल्या. ते कुटुंब आश्रय मागायला आलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं तिथे राहणारं होतं. जाळणाऱ्यांनी हा फरक केला नाही.

मग 2015. 31 ऑगस्टला अँजेला मर्केल म्हणाल्या, आपण हे पार पाडू. त्या वर्षात सुमारे 8,90,000 आश्रयार्थी आले. स्टेशनांवर लोकांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. पण कुठल्या गावात किती जण, शाळा कुठून आणायच्या, घरं कुठून, हे सगळं नगरपालिकांच्या गळ्यात पडलं. वाक्य खोटं नव्हतं. त्याच्यापुढचा हिशोब मात्र लोकांसमोर मांडला गेला नाही.

आणि टीव्ही. जर्मनीत 2013 पासून दर घरामागे प्रसारण शुल्क द्यावं लागतं, टीव्ही असो वा नसो. 2014 मधला आकडा माहितीये? महिन्याला 17.98 युरो. म्हणजे पुन्हा अठराच! एक अठरा विजेचे, एक अठरा बातम्यांचे. त्याच ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनच्या रस्त्यावर 'पेगिडा'चे मोर्चे सुरू झाले आणि 'ल्यूगेनप्रेस' ही घोषणा घुमली. म्हणजे 'खोटारडी वृत्तपत्रं'. हा शब्द नाझींनीही वापरला होता, म्हणून भाषातज्ज्ञांनी तो 2014 चा 'कुशब्द' ठरवला.

मग माध्यमं खरंच पक्षपाती होती का? माझं उत्तर: होती, पण कायम एकाच बाजूला नाही. 1991 मध्ये 'डेअर श्पिगेल'च्या मुखपृष्ठावर माणसांनी खच्चून भरलेली बोट होती आणि शब्द होते 'गरिबांचा लोंढा'. 'बिल्ड' तेव्हा घाबरवणारे मथळे द्यायचं. तेच 'बिल्ड' 2015 मध्ये निर्वासितांच्या स्वागताची मोहीम चालवत होतं. मग 2015 च्या थर्टी फर्स्टला कोलोन स्टेशनबाहेर शेकडो बायकांवर लैंगिक हल्ले झाले. हल्लेखोरांत उत्तर आफ्रिकेतून आलेले तरुण बरेच होते. पोलिसांचं सकाळचं पत्रक म्हणत होतं, वातावरण आनंदी आणि बरंचसं शांत. 4 जानेवारीच्या संध्याकाळच्या मुख्य बातम्यांत 'झेडडीएफ'नं ही बातमी घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक कबूल केली, पण तोवर आजोबांसारख्यांची खात्री पटली होती. आणि ड्रेस्डेनचा एक जुना किस्सा आहे. साम्यवादी काळात इथे पश्चिमेचा टीव्ही पोचायचाच नाही, म्हणून या भागाला 'अनभिज्ञांची दरी' म्हणायचे. 'आपल्यापासून लपवतात' ही भावना तिथे नवी नव्हती.

2013 मध्ये 'एएफडी' पक्ष युरोविरोधातून निघाला. 2016 च्या त्यांच्या कार्यक्रमात हे तिन्ही मुद्दे होते: आश्रय आवळा, ऊर्जा कायदा रद्द करा, सक्तीचं प्रसारण शुल्क काढा. आजोबांच्या एका दमातल्या तीन तक्रारी! 2017 ला त्यांना 12.6 टक्के मतं मिळाली. ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे, त्या सॅक्सनीत ते पहिले आले.

मला जे कळलं ते असं. या तिन्ही धोरणांचा हेतू वाईट नव्हता. ऊर्जा कायदा तर फळलाही. 2000 मध्ये जर्मनीच्या विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता, 2023 मध्ये निम्म्यावर गेला. पण तिन्ही ठिकाणी छोटं, गोड वाक्य आधी आलं आणि बिल नंतर. खर्च आधीच उघड सांगितला असता तर भांडण झालं असतं, पण पैशाचं झालं असतं. तो दडल्यामुळे भांडण 'आपण' आणि 'ते' असं झालं. त्या 'ते'मध्ये सीरियाचा माणूस होता, आणि जिन्यात दिसणारा मीही.

जुलै 2022 मध्ये तो अधिभार रद्द झाला. मी आनंदानं आजोबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "ओळ गेली, रक्कम कुठे गेली?" युक्रेन युद्धामुळे वीज महागलीच होती. आणि अक्षय ऊर्जेचा खर्च आता सरकारी निधीतून जाणार होता, म्हणजे ओळ फक्त दिसेनाशी झाली.

गेल्या वर्षी सांगलीत बाबांनी छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. सूर्यघर योजनेचे 78,000 मिळाले. पॅनल इतकी स्वस्त झाली, कारण जर्मनीच्या मागणीवर चीनचे कारखाने मोठे झाले आणि 2010 नंतरच्या दहा वर्षांत पॅनलची किंमत 90 टक्क्यांच्या आसपास उतरली. म्हणजे आमच्या छतात आजोबांचे थोडे युरो आहेत. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आणि ते 'नाही नाही'. आजोबांच्या प्रश्नाला साधं 'नाही, भारतातून' पुरलं असतं. इंजिनिअर असल्याचं प्रमाणपत्र मी कुणाला दाखवत होतो? मला वेगळ्या रांगेत उभं राहायचं होतं, एवढंच. रांगा अशाच तयार होतात, आणि मीही एक केली.

आज घरचं वीजबिल काढा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, एकेक ओळ वाचा. आपल्याकडे जर्मनीच्या उलट आहे, उद्योग आणि दुकानं जास्त भरतात म्हणून शेतीपंपाला वीज स्वस्त पडते. कोण कुणासाठी भरतंय ते शोधा, मग रागवायचं की नाही ते ठरवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!