छाप: उलटी कोरलेली, सुलटी उमटलेली

मैदानात नाणं उडतं तेव्हा आपण विचारतो, ‘छापा की काटा?’ कुणाचं भाषण रंगलं की म्हणतो, छाप पाडली बुवा! धाड पडली की बातमी येते, छापा घातला. दाबून उमटवण्याच्या एका साध्या क्रियेने मराठीत एवढा संसार थाटला आहे. इंग्रजीतल्या ‘इम्प्रेस’ या क्रियापदाचंही तसंच. लॅटिनमधल्या ‘दाबणे’ अर्थाच्या धातूतून ते आलं. मेणात मुद्रा दाबणारंही तेच आणि मनावर ठसा उमटवणारंही तेच. ‘प्रेस’ आणि ‘प्रिंट’ ही त्याची भावंडं. तिथे भावंडांनी वाटण्या करून घेतल्या. मराठीत एकट्या ‘छाप’ने घर सांभाळलं.

छापेचे हे दोन्ही अर्थ, वस्तूवरचा आणि मनावरचा, एका गावात पाहायचे तर तंजावरला जावं. तिथल्या माध्व घरांत ठसा कागदाआधी अंगावर आला: रोज गोपीचंदनाच्या शंख-चक्र मुद्रा आणि आषाढी एकादशीला मठाच्या स्वामींच्या हातून तापवलेल्या ठशाची तप्तमुद्रा. भोवतालच्या तमिळमध्ये साच्याला आणि ठशाला ‘अच्चु’ म्हणतात. साच्यातला गूळ तो अच्चुवेल्लम, छापखाना तो अच्चगम, आणि मुलगा थेट बापासारखा दिसला तर तो ‘अच्चु असल’.

कागदावरच्या छापेची वाट मात्र समुद्रावरून आली. डॅनिश वसाहतीच्या तरंगमबाडीत मिशनऱ्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापखाना चालवला आणि तमिळ ‘नवा करार’ छापला. त्याच मिशनच्या परंपरेतला जर्मन पाद्री श्वार्ट्झ तंजावरच्या दत्तक राजपुत्राचा पालक झाला. तो राजपुत्र म्हणजे दुसरे सरफोजी. 1798 साली श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला आणि राजांच्या हाती किल्ल्यापुरती सत्ता उरली. त्यांनी तिथे ग्रंथ जमवले, शाळा काढल्या आणि 1805 मध्ये देवनागरी छापखाना उभारला. नाव भारदस्त: ‘नवविद्याकलानिधी वर्णयंत्रशाळा’. पुढच्या वर्षी इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ तिथे छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींचं शिळाछापाचं पंचांग निघायला अजून पस्तीस वर्षं होती.

शिवगंगा तलावाकाठच्या चर्चमध्ये शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. त्यात मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात सरफोजींनी धरला आहे. गुरूच्या कबरीसाठी राजांनी स्वतः इंग्रजी ओळी रचल्या. मनावर पडलेल्या छापेचा याहून ठळक दाखला कुठला?

आणि तरीही श्वार्ट्झ ज्या कामासाठी सातासमुद्रापार आला होता, ते या शिष्याच्या बाबतीत घडलं नाही. सरफोजींनी धर्म बदलला नाही. उलट त्यांनी आपल्या भोसले कुळाचा इतिहास 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. पाद्र्यांचं यंत्र बायबलसाठी आलं होतं, राजांनी त्याच विद्येवर कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टी छापल्या.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणूनच कागदावर ते सुलटं उमटतं. ठसा आणि छाप एकसारखे दिसले, तर समजावं की अजून दाब पडलेलाच नाही.