वेठ, मजुरी आणि श्रमदान : बीड जिल्ह्यातील विनामोबदला श्रमाचा ऐतिहासिक विचार

१२ एप्रिल १९१९ च्या शनिवारी पहाटेपर्यंत राबून मॉस्को-कझान रेल्वेच्या एका डेपोतील पंधरा कामगारांनी तीन इंजिने विनावेतन दुरुस्त केली. शनिवारच्या रशियन नावावरून अशा श्रमदिनास 'सुब्बोतनिक' म्हटले जाऊ लागले. १ मे १९२० रोजी स्वतः लेनिनने क्रेमलिनच्या आवारात ओंडके वाहिले. पुढे मात्र हा उपक्रम वार्षिक सरकारी रिवाज बनला. गैरहजर राहणे अवघड झाले आणि ऐच्छिकता नावापुरती उरली.

बीड जिल्ह्यात साम्यवादी राजवट कधीच नव्हती. परंतु येथील मतदारांनी १९६७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील व १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठविले. तरीही विनामोबदला श्रमाचा गौरव हा येथील डाव्या राजकारणाचा विषय झाला नाही. त्याचे एक कारण निजामी राजवटीच्या अनुभवात शोधावे लागते. हैदराबाद संस्थानात दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचे ओझे वाहणे, गवत व सरपण पुरविणे ही वेठ प्रामुख्याने गावातील दलित जातींच्या वाट्याला येई. नकार देण्याची सोय नव्हती. १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगार निषिद्ध ठरविली.

अशा प्रदेशात फुकट राबण्यापेक्षा दामाची मागणी अधिक क्रांतिकारक होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील डाव्या पक्षांनी काम व मजुरी या दोन्हींसाठी लढा दिला. १९७७ चा रोजगार हमी कायदा, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, त्याच मंथनातून निघाला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, खडी फोडणे ही कामे मजुरीची झाली.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या पहिल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता. १ मे २०१८ च्या महाश्रमदानात शहरांतील 'जलमित्र'ही गावोगावी चर खोदण्यास आले. दिनांक लेनिनच्या ओंडक्यांचाच, हा केवळ योगायोग. येथे शासकीय सक्ती नव्हती आणि अनेक गावांचा उत्साह खरा होता, हे नोंदविलेच पाहिजे. मात्र त्या वर्षीची स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे या काळात चालली. जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कारखान्यांचा हंगाम संपवून गावी परततात, तो साधारण हाच काळ. चरांत मुरलेले पाणी विहिरीवाल्याच्या शेतात उतरते. भूमिहीन कुटुंबाने गावकीच्या भिडेखातर कुदळ उचलली, तर ते श्रमदान की वेठ, हे ठरविताना त्या कुटुंबाला 'नाही' म्हणता आले असते काय, हेच पाहावे लागते. रोजगार हमीवर अशाच मातीकामाचे त्यांना दाम मिळत होते.