एम1911ए1 पिस्तूल : जुन्या बाजारातील पारख

जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे .45 कॅलिबरचे हे अर्धस्वयंचलित पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च 1911 मध्ये स्वीकारले. 1920च्या दशकात काही सुधारणा झाल्या आणि त्याला एम1911ए1 हे नाव मिळाले. अमेरिकेतील जुन्या शस्त्रांच्या बाजारात त्याला कायम मागणी असते, पण किमतींत विलक्षण तफावत आढळते. सरकारी साठ्यातली वापरलेली पिस्तुले 2018 मध्ये नागरिकांसाठी सोडतीने विक्रीला आली, तेव्हा दर्जानुसार त्यांचे दर 1,050, 950 आणि 850 डॉलर होते. त्याच्या आदल्याच वर्षी याच जातीचे एक पिस्तूल लिलावात 4 लाख डॉलरच्या वर गेले होते.

ते पिस्तूल सिंगर कंपनीचे होते. शिलाई यंत्रांच्या या कारखान्याला अमेरिकी सरकारने 1940 मध्ये अवघ्या 500 पिस्तुलांची चाचणी-मागणी दिली. ती पुरी झाल्यावर सिंगर दुसऱ्या युद्धसाहित्याकडे वळली. टाइपरायटरसाठी प्रसिद्ध असलेल्या रेमिंग्टन रँडने मात्र युद्धकाळात साडेआठ लाखांहून अधिक पिस्तुले बनवली. रेल्वे सिग्नलची यंत्रणा बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलची संख्या सुमारे 55,000.

दुर्मिळता ही झाली पहिली पायरी. खरी परीक्षा असते ती अस्सलपणाची.

लष्कराने 1945 नंतर या पिस्तुलाची नवी खरेदी केली नाही, तरी ते 1985 पर्यंत अधिकृत पिस्तूल राहिले. मधली चाळीस वर्षे सरकारी कार्यशाळांत त्याची डागडुजी चालू होती. सुटे भाग कुठल्याही कारखान्याचे असोत, एकमेकांना बसत. त्यामुळे एकाची फ्रेम (सांगाडा), दुसऱ्याची स्लाइड (वरचा सरकता भाग) आणि तिसऱ्याची बॅरल (नळी) असे मिश्रण सर्रास झाले. सैनिकाच्या दृष्टीने ती मोठी सोय होती, संग्राहकाच्या दृष्टीने मोठी हानी. जर्मन लुगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवरही क्रमांकाचे आकडे असतात, त्यामुळे जोड जमते का ते लगेच कळते. अमेरिकी लष्करी पिस्तुलावर अनुक्रमांक बहुधा फक्त फ्रेमवर. म्हणून पारखी माणूस तपासणी अधिकाऱ्यांच्या आद्याक्षरांकडे वळतो: रेमिंग्टन रँड आणि इथाका या कारखान्यांच्या पिस्तुलांवर एफजेए, युनियन स्विचवर आरसीडी, सिंगरवर जेकेसी. अक्षरे एक सांगतात आणि स्लाइडवरचे नाव दुसरेच, तर भाव तिथेच घसरतो. बॅरलवरची खूण आणि मुठीच्या पट्ट्याही त्या त्या काळाशी जुळाव्या लागतात.

पृष्ठभागाच्या बाबतीत नवखे ग्राहक हमखास फसतात. युद्धकाळातील बहुतेक पिस्तुलांवर पार्करायझिंगचा करडा, खरबरीत थर असे. तो काढून चकचकीत निळी झिलई चढवलेले पिस्तूल सुंदर दिसते, पण त्याचे संग्रहमूल्य पार कोसळते. मूळ थर किती टक्के शिल्लक आहे यावर दर्जा ठरतो, आणि कडांवर प्रामाणिकपणे झिजलेले पिस्तूल नव्याने रंगवलेल्यापेक्षा केव्हाही सरस. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या किंवा कोपरे गोलसर झालेले दिसले, तर धातू घासला गेल्याचा संशय घ्यावा.

मित्रदेशांकडे गेलेली अनेक पिस्तुले पुढे अमेरिकेत परत आली. त्यांच्यावर आयातदाराचे नाव कोरलेले असते आणि त्यापायी किंमत उतरते. ती अक्षरे घासून काढण्याचे प्रकार होतात, तसेच साध्या पिस्तुलावर सिंगरचे नाव कोरण्याचेही. त्यामुळे महागड्या नगाचे पैसे मोजण्यापूर्वी अनुक्रमांक उत्पादनाच्या नोंदींशी ताडून पाहतात. पिस्तूल कोल्ट कंपनीचे असेल, तर तिच्या अभिलेखागारातून ते कधी आणि कुठे पाठवले गेले याचे पत्रही मागवता येते.