प्लास्टरबाहेरची बोटे

अस्थिभंगाच्या उपचारांचा इतिहास सांगताना मोडलेले हाड कोणी कसे जुळविले, एवढेच बहुधा सांगितले जाते. हाड जुळल्यानंतर त्या अवयवावर रात्रभर लक्ष कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न मागे राहतो.

सुश्रुतसंहितेत तो मागे राहिलेला नाही. वड, पिंपळ, पळस यांच्या सालींचे किंवा बांबूचे ‘कुश’ लावून बंध बांधावा. तो सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही, फार आवळल्यास सूज, वेदना आणि पाक उद्भवतो, असे तेथे बजावले आहे. हा बंध थंडीत सात दिवसांनी, तर उन्हाळ्यात तीन दिवसांनीच बदलावयाचा. बंध सुटला की अवयव डोळ्यांना दिसे.

पुढे १८५१ साली हार्लेम येथील डच लष्करी शल्यवैद्य मथायसन यांनी कापडी पट्टीत प्लास्टरची भुकटी चोळून ती ओली करून गुंडाळण्याची युक्ती काढली. काही मिनिटांत पट्टी दगडासारखी घट्ट होई. सोय मोठीच, पण अवयव दृष्टीआड गेला, आणि आत सूज वाढली तरी प्लास्टर तसूभरही सैल होईना.

याचे मोल १८८१ साली उघड झाले. जर्मनीतील हाले येथील शल्यविशारद फोल्कमान यांनी (मुलांसाठी सुंदर परीकथा लिहिणारे ‘लेआंडर’ ते हेच!) आवळलेल्या बंधानंतर पंजासारख्या वळून राहणाऱ्या बोटांचे कारण सांगितले. रक्त न पोचल्याने स्नायूच मृत होतात, असे त्यांचे निदान होते. कोपराजवळचे हाड मोडलेल्या मुलांवर हे संकट विशेष येई.

ते ओळखण्यासाठी परिचारिकेच्या हाती उरली केवळ प्लास्टरबाहेरची बोटे. ती गार, फिकट वा बधिर झाली की धोका कळतो खरा, पण तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. मनगटाची नाडी तर फसवीच. ती लागत असतानाही आतले स्नायू गुदमरत असतात. आधी बोलते ती वेदना: औषधाने न शमणारी, वाढत जाणारी, बोट हळूच सरळ करताच असह्य होणारी. माझ्या मते या साऱ्या परीक्षेत कठीण आहे ते रडणाऱ्या मुलाला हट्टी न समजणे. कारण हाती वेळ असतो तो काही तासांचाच. तेवढ्यात शल्यवैद्यास बोलावून प्लास्टर आतल्या कापसासकट थेट त्वचेपर्यंत, वरपासून खालपर्यंत चिरावे लागते. तरीही वेदना न थांबल्यास स्नायूंवरचे आवरणही उघडावे लागते.